पऱ्हाटीपासून वीज: वावरातल्या काड्या द्याव्यात की नाही?

वावरातला
राम राम मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात आमचं साडेनऊ एकर वावर आहे, त्यातलं सहा एकर कापसाखाली. गेल्या आठवड्यात उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाची वेचणी संपली. आता दरवर्षीचं काम: पऱ्हाट्या म्हणजे कापसाच्या काड्या उपटायच्या, धुऱ्यावर म्हणजे बांधावर ढीग घालायचे, चुलीपुरत्या घरी आणायच्या आणि उरलेल्या पेटवून द्यायच्या.

यंदा गावात एक जण फिरतोय. इथून साधारण चाळीस किलोमीटरवर पिकांच्या काड्यांवर चालणारा १० मेगावॉटचा वीज प्रकल्प आहे, त्याच्यासाठी तो पऱ्हाटी गोळा करतो. ट्रॅक्टर त्याचा, कुट्टी करायचं मशीन त्याचं, मजूर त्याचे. आपलं वावर साफ होणार, वर एकरी थोडेफार पैसे. तो म्हणतो, ही हिरवी वीज आहे, पर्यावरणाला पुण्याचं काम.

बाबांना पटत नाही. त्यांचं म्हणणं, कापूस गेला, सरकी गेली, आता काड्याही गेल्या तर वावरात परत जातं काय? बैल विकल्यापासून शेणखतसुद्धा विकत आणतो आम्ही. मातीपरीक्षणात सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली आला आहे.

मला दोन्ही बाजू पटतात, म्हणून इथे विचारतोय. ही वीज खरंच स्वच्छ असते का? मातीचं काय होतं? आणि प्रकल्पाच्या शेजारच्या गावाला काय भोगावं लागतं? कुणी जवळून पाहिलं असेल तर सविस्तर लिहा.

सुईदोरा
कापसाचाच धागा, लांब निघणार. चहा घेऊन बसते.

बॉयलरवाला
चौदा वर्षं बायोमासच्या बॉयलरवर काढली आहेत, त्यामुळे माझ्या बाजूचं सांगतो.

आधी आकडे. अशा छोट्या प्रकल्पात एक युनिट विजेला साधारण ४,२०० किलोकॅलरी उष्णता लागते. काड्यांमध्ये किलोमागे ३,१०० च्या आसपास मिळते. म्हणजे युनिटला अंदाजे १.३५ किलो काड्या. १० मेगावॉट म्हणजे तासाला साडेतेरा टन, दिवसाला सव्वातीनशे टन. वर्षात तीनशे दिवस चालवला तर लाखभर टन. एकरी टनभर पऱ्हाटी धरा, म्हणजे एका छोट्या प्रकल्पाला लाख एकरांच्या काड्या. त्यामुळे तो माणूस तुमच्या एकट्याच्या गावात फिरत नसणार, शंभर गावांत त्याची माणसं असतील.

४,२०० मधले विजेत उतरतात ८६०. बाकीची उष्णता कूलिंग टॉवरमधून आणि चिमणीतून जाते. कार्यक्षमता वीस टक्के. ही या तंत्राची सगळ्यात दुखरी जागा.

धुराचं म्हणाल तर काड्यांत गंधक अगदी कमी, त्यामुळे कोळशासारखा सल्फर डायऑक्साइडचा त्रास नाही. खरा प्रश्न उडत्या राखेचा. विद्युत अवक्षेपक म्हणजे ईएसपी किंवा बॅग फिल्टर नीट चालू असेल तर चिमणीतून जेमतेम धुरकट रेघ दिसते. बंद असेल तर दोन मैलांवरच्या पत्र्यांवर राखेचा थर बसतो. मी दोन्ही पाहिलं आहे, आणि एकाच प्रकल्पात पाहिलं आहे. पाहणीच्या दिवशी चालू, एरवी विजेचा खर्च वाचवायला अर्धा बंद. नाव घेत नाही. कंट्रोल रूममध्ये मी दोनदा भांडलो आणि शेवटी ती नोकरी सोडली.

ऊसपट्टा
आम्ही कोल्हापूरकडचे. आमच्याकडे हे वर्षानुवर्षं चालू आहे, फक्त पऱ्हाटीऐवजी बगॅस, म्हणजे उसाचा चोथा. शंभर टन ऊस गाळला की तीसेक टन बगॅस निघतो, त्यात निम्मं पाणी. त्यावर कारखान्याची वाफ, वीज, वर उरलेली वीज महावितरणला.

बॉयलरवालांनी वीस टक्के सांगितले, ते फक्त वीज काढणाऱ्या प्रकल्पाचे. साखर कारखान्यात टर्बाइनमधून बाहेर पडणारी वाफ रस आटवायला जाते, वाया जात नाही. म्हणून सहवीजनिर्मितीचा हिशेब कितीतरी बरा. शिवाय बगॅस कारखान्यात आपोआप येतो, गोळा करत गावोगाव हिंडावं लागत नाही. देशातली बायोमासवरची बहुतेक क्षमता बगॅसचीच आहे, ती याच कारणाने.

आता दुसरी बाजू. गळीत हंगामात माझी आई अंगणात पापड घालत नाही. काळी, हलकी, हात लावला की फिसकटणारी काजळी पडते. पांढरं धोतर दोरीवर टाकलं तर संध्याकाळी पुन्हा धुवायचं. बगॅसच्या बॉयलरला धुलीकणांची मर्यादा घनमीटरला १५० मिलिग्रॅम आहे. कागदावर सगळे तिच्या आतच असतात.

काळी_माती
मी कृषी पदवीधर, विदर्भातच विस्ताराचं काम केलं आहे. वावरातला, तुमच्या बाबांचा प्रश्न रास्त आहे. पण सगळ्या काड्या एका मापाने मोजू नका.

सोयाबीनचं कुटार, हरभऱ्याचं कुटार, गव्हाचा गव्हांडा, ज्वारीचा कडबा हे जनावराचं खाणं. जनावर नसेल तर मातीचं. ते मऊ असतं, लवकर कुजतं. ते बॉयलरमध्ये घालायला मी कुणालाही सांगणार नाही.

पऱ्हाटी आणि तुराटी (तुरीच्या काड्या) हे लाकूड आहे. तशीच गाडली तर पुढच्या पेरणीपर्यंत कुजत नाही, आणि कुजताना जिवाणू जमिनीतलं नत्र ओढून घेतात, त्यामुळे कोवळं पीक पिवळं पडतं. बारीक कुट्टी करून, शेणकाला किंवा कुजवणारं जिवाणू संवर्धन मारून, पावसाळ्याआधी ओलाव्यात ठेवली तर उत्तम खत होतं. पण त्यासाठी श्रेडर हवा, पाणी हवं, हातात वेळ हवा.

आणि तिसरी गोष्ट, गुलाबी बोंडअळी. २०१७ ला आपण काय भोगलं ते विसरलो नाही ना? काड्यांना लटकलेल्या किडक्या बोंडांत अळी सुप्तावस्थेत बसते आणि पुढच्या हंगामात त्याच ढिगातून पतंग बाहेर पडतात. फरदड म्हणजे हंगाम संपल्यावर लांबवलेला कापूस घेऊ नका, पऱ्हाटी वावरात आणि धुऱ्यावर ठेवू नका, असं कृषी विभाग ओरडून सांगतो ते याचसाठी. त्या दृष्टीने कुणी वेळेत काड्या नेत असेल तर चांगलंच. पण नेऊन तुमच्याच शिवाराच्या कडेला सहा महिने गंजी लावून ठेवत असेल तर अळीची सोयच केली. त्याला विचारा, कुट्टी जागेवर करणार की काड्या अख्ख्या नेणार?

सुईदोरा
बोंडअळीचा मुद्दा माझ्या डोक्यातही आला नसता. धन्यवाद, काळी_माती.

उन्हाचा_पुजारी
एवढा खटाटोप कशाला? विदर्भात ऊन आहे. छपरावर, पडीक जमिनीवर सोलर लावा. धूर नाही, राख नाही, ट्रक नाहीत.

बॉयलरवाला
@उन्हाचा_पुजारी, दिवसाच्या विजेपुरतं मी तुमच्याशी सहमत आहे. पण संध्याकाळी सात ते दहाही मागणी मोठी असते, तेव्हा पॅनेल झोपलेलं असतं. काड्या साठवता येतात, हीच त्यांची किंमत. आणि सोलर लावल्याने धुऱ्यावर पेटणारी पऱ्हाटी थांबत नाही. तो धूर राहतोच.

सतलजकाठी
नोकरीमुळे बारा वर्षं पंजाबात आहे, सध्या लुधियानाजवळ. तिथली गोष्ट सांगतो, कारण देशात हा विषय पेटला तो तिथूनच.

२००९ च्या भूजल वाचवण्याच्या कायद्याने भाताची लावणी जूनमध्ये पुढे ढकलली. हेतू चांगलाच होता. पण त्यामुळे भात काढणं आणि गहू पेरणं यांत दोन-तीन आठवडेच उरतात. कंबाइन हार्वेस्टर दाणे घेतो आणि पेंढा वावरात पसरून जातो. शेतकऱ्याकडे काडेपेटीशिवाय स्वस्त उपाय नाही. ऑक्टोबरच्या शेवटी इथे संध्याकाळी रस्त्यावर समोरची गाडी दिसत नाही, डोळे चुरचुरतात, माझ्या मुलीला तीन आठवडे नेब्युलायझर लागतो. हे दर वर्षी.

शेतात टनभर पेंढा जाळला की साडेपाच किलो नत्र, सव्वादोन किलो स्फुरद, २५ किलो पालाश आणि किलोभर गंधक वाया जातं, अशी मोजणी इथले कृषी अधिकारी नेहमी सांगतात. नत्र जवळजवळ सगळं उडून जातं.

म्हणून इथे पेंढ्याच्या गाठी बांधून प्रकल्पाला गेल्या की मला बरं वाटतं. पण तेही सोपं नाही. जलखेडीला भाताच्या पेंढ्यावरचा १० मेगावॉटचा प्रकल्प १९९२ मध्येच उभारला होता. तेव्हापासून लोक या पेंढ्याशी झगडत आहेत. बॉयलरवाला, यावर तुम्ही लिहा.

बॉयलरवाला
भाताचा पेंढा म्हणजे बॉयलरचा शत्रू. पंधरा टक्क्यांच्या वर राख, त्यात सिलिका, वर पालाश आणि क्लोरीन. पालाशामुळे राख कमी तापमानालाच वितळते आणि नळ्यांवर काचेसारखी चिकटते. क्लोरीन सुपरहीटरच्या नळ्या खातो. शटडाऊनमध्ये मी छिन्नीने तो थर फोडला आहे. बाटलीच्या काचेसारखा हिरवट तुकडा निघतो, खाली नळीला खड्डे.

पऱ्हाटी त्यामानाने गुणी. स्वच्छ काडीत राख तीन ते पाच टक्के. पण ट्रॅक्टरने ओढून आणलेल्या काड्यांसोबत माती येते, मग दहा टक्केही होते. तुमच्या वावरातली सुपीक माती अशीही जाते, हे कुणी मोजत नाही. मुळासकट उपटलेली काडी झटकून भरायला लावा.

हिशेबनीस
मला आकड्यांत रस आहे, म्हणून कागद-पेन घेऊन बसलो. चूक असेल तर सांगा.

सगळे म्हणतात, काड्या वाहून नेण्यातच एवढं डिझेल जळतं की वीज कसली हिरवी. बघू. ट्रकमध्ये ८ टन काड्या, जाऊन-येऊन १०० किलोमीटर, लिटरला ४ किलोमीटर. २५ लिटर डिझेल. लिटरमागे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर ६७ किलो. ८ टनांत १.३५ च्या हिशेबाने ५,९०० युनिट. म्हणजे युनिटला ११ ग्रॅम. कुट्टीचं मशीन आणि ट्रॅक्टर धरून तिप्पट करा, तरी ३५ ग्रॅमच्या आत. कोळशाच्या विजेला युनिटमागे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. डिझेलचा आरोप मला तरी टिकलेला दिसत नाही.

आता मातीचं. टनभर काड्यांत साधारण ४०० किलो कर्ब. त्या जमिनीत कुजवल्या तर बराचसा कर्ब एक-दोन वर्षांत हवेत जातोच, थोडा ह्युमस म्हणून राहतो. तो दहा टक्के धरू: ४० किलो कर्ब, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत १४७ किलो. टनाला ७४० युनिट. भागिले तर युनिटमागे २०० ग्रॅम.

म्हणजे डिझेलपेक्षा मातीतून हिरावलेला कर्ब कितीतरी पटींनी मोठा. वावरातला, तुमच्या बाबांनी बोट बरोबर जागी ठेवलं.

पण ज्याच्या धुऱ्यावर पऱ्हाटी तशीही पेटते, त्याच्या मातीला तो कर्ब मिळतच नव्हता. त्याच्यासाठी ते २०० ग्रॅम शून्य होतात. तेव्हा पहिला प्रश्न हा की काड्या दिल्या नाहीत तर तुम्ही त्यांचं काय करणार आहात?

काळी_माती
हिशेबनीस, मनापासून अनुमोदन. हे गणित मी आमच्या शेतकरी गटात वापरणार.

ऊसपट्टा
आमच्याकडे हाच वाद पाचटावरून, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्यावरून चालतो. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं. काही वर्षांपासून पाचटाच्याही गाठी बांधून बॉयलरला देण्याची टूम आहे. मी देत नाही. खोडव्यात पाचट सरीत दाबतो, हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो कुजवणारं संवर्धन टाकतो. पाण्याच्या एक-दोन पाळ्या वाचतात, तण येत नाही. चौथ्या वर्षी माती पायाला मऊ लागायला लागली, गांडुळं दिसली. शेजारी अजून पाचट पेटवतात. त्यांनी बॉयलरला दिलं तर मी हात जोडेन, निदान त्या आगीने माझी ठिबकची नळी तरी वितळणार नाही. गेल्या साली दोन सऱ्यांची वितळली.

चुलीपाशी
एवढ्या चर्चेत एक माणूस राहिला. नेमकं सांगायचं तर एक बाई राहिली.

मी वर्धा जिल्ह्यात बचत गटांचं काम करते. ज्यांच्याकडे वावर नाही त्या बाया उलंगवाडीनंतर मालकाला विचारून पऱ्हाट्या उपटतात. उपटायची मजुरी नाही, त्या बदल्यात काड्या त्यांच्या. डोक्यावर भारा घेऊन दोन-अडीच किलोमीटर येतात, घराच्या मागे रचतात. त्यावर पावसाळाभर स्वयंपाक. सिलिंडर घरात आहे, पण भरून आणायला पैसे नसतात, म्हणून तो पाहुणे आले की पेटतो. तुराट्यांवर शेणमातीचा लेप दिला की कुडाची भिंत होते, अजूनही कित्येक घरांत आहे.

दोन वर्षांपूर्वी एका गावात काड्या गोळा करणारा आला. मालकांना एकरी पैसे मिळाले, आणि जी काडी शब्दावर मिळायची ती मिळेनाशी झाली. त्या वर्षी बाया बाभळीच्या फांद्या तोडायला नाल्याकाठी जायला लागल्या. एकीच्या हाताला कोयता लागला, चार टाके पडले. म्हणजे काडी बॉयलरला गेली आणि झाड चुलीत. पर्यावरणाच्या हिशेबात हे कुठे धरायचं, हिशेबनीस?

चुलीचा धूर चांगला असं मी म्हणत नाहीये. पऱ्हाटीच्या धुरात तासन्‌तास बसलेल्या बायांचा खोकला मी रोज ऐकते. त्यांना गॅस परवडेल अशी सोय आधी होऊ द्या, मग काड्या खुशाल न्या.

हिशेबनीस
चुलीपाशी, माझ्या कागदावर हे नव्हतं. नाल्याकाठची झाडं धरली तर गणित पार उलटं होतं.

वावरातला
ताई, आमच्याकडेही दोन घरं दरवर्षी आमच्या वावरातून काड्या नेतात. मी त्यांचा विचारच केला नव्हता. उद्या जाऊन बोलतो.

मीरा_डेन्मार्क
कोपनहेगनजवळ राहते, माहेर अमरावतीचं. इथे गव्हाच्या आणि बार्लीच्या पेंढ्यावर वीज करण्याला मोठा इतिहास आहे. १९९३ च्या राजकीय करारात वीज केंद्रांनी वर्षाला १२ लाख टन पेंढा जाळावा असं ठरलं होतं. सप्टेंबरमध्ये शेतांच्या कडेला पाचेकशे किलोच्या चौकोनी गाठी रचलेल्या दिसतात. गाठीतला ओलावा केंद्राच्या दारात क्रेनला लावलेल्या यंत्राने मोजतात, ओली असेल तर परत.

इथे जमलं याचं मोठं कारण म्हणजे उष्णता वाया जात नाही. वीज काढून उरलेलं गरम पाणी पाइपांनी घराघरांत जातं, माझा रेडिएटर त्यावरच चालतो. यवतमाळला मे महिन्यात गरम पाणी कुणाला विकणार, हा प्रश्नच आहे!

दुसरं, राखेचे नियम. राख शेतात परत टाकता येते, पण आधी तिच्यातलं कॅडमियम तपासावं लागतं. खाली पडणाऱ्या जाड राखेत ते कमी, फिल्टरमध्ये अडकलेल्या बारीक राखेत जास्त. म्हणून दोन्ही वेगळ्या ठेवतात. तुमच्या प्रकल्पाची राख कुठे जाते, ते विचारून बघा.

बॉयलरवाला
सांगतो कुठे जाते. वीटभट्टीला, नाहीतर मागच्या खदानीत. रोज सव्वातीनशे टन काड्या, पाच टक्के राख धरली तर सोळा टन रोज. पालाश, चुना, थोडं स्फुरद सगळं त्यात असतं. नत्र मात्र चिमणीतून गेलेलं असतं, ते कुठल्याही राखेत परत येत नाही.

काळी_माती
थांबा, राखेबद्दल घाई नको. आपल्या काळ्या जमिनींचा सामू (पीएच) आधीच आठच्या वर, चुनखडी भरपूर, पालाशही बऱ्यापैकी. त्यात अल्कधर्मी राख ओतली तर जस्त, लोह पिकाला मिळणं आणखी अवघड होतं. डेन्मार्कचं शहाणपण जसंच्या तसं यवतमाळात उतरणार नाही.

जांभा_दगड
मग आमच्याकडे पाठवा की! रत्नागिरीची जांभ्याची माती आम्लधर्मी, पावसाने धुतलेली. माझी आजी चुलीतली राख माडाच्या आळ्यात टाकायची, आम्ही अजून टाकतो. आम्ही शेतं भाजतो त्याबद्दल कुणी बोलू नका, तो वेगळा धागा होईल.

सुईदोरा
राख यवतमाळहून रत्नागिरीला, हिशेबनीस पुन्हा डिझेल मोजायला बसणार :)

हिशेबनीस
मोजलं. नको पाठवायला.

कागदपत्री
एक महत्त्वाची बाब कुणी लिहिली नाही. १५ मेगावॉटपर्यंतच्या बायोमास प्रकल्पाला केंद्राच्या पर्यावरणीय मंजुरीतून सूट आहे, पूरक इंधन म्हणून कोळसा वगैरे १५ टक्क्यांच्या आत असेल तर. म्हणजे पर्यावरण आघात अहवाल नाही, जनसुनावणी नाही. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची आणि चालवण्याची अशा दोन संमती मात्र लागतात. त्या संमतिपत्रात चिमणीची उंची, धुलीकणांची मर्यादा, पाणी किती घ्यायचं, राख कुठे टाकायची हे सगळं लिहिलेलं असतं. माहितीच्या अधिकारात मागता येतं. आमच्या तालुक्यात आम्ही मागितलं, दीड महिन्यात मिळालं.

त्यात बघायच्या दोन गोष्टी. एक, काड्या संपल्या की पावसाळ्यात काय जाळतात. आमच्याकडे रात्री ताडपत्री टाकून कोळशाचे ट्रक यायचे. पोरांनी पंधरा दिवस नोंद ठेवली आणि ती मंडळाला दिली. दुसरी, पाणी. आधीपासून चालू असलेल्या मोठ्या औष्णिक केंद्रांना २०१५ च्या अधिसूचनेत मेगावॉट-तासाला साडेतीन घनमीटरची मर्यादा घातली. त्याच मापाने १० मेगावॉटला तासाला ३५ हजार लिटर होतात. एप्रिलमध्ये ते कुठल्या धरणातून, कुठल्या बोअरमधून येतात ते विचारा. हवेने थंड करणारा कंडेन्सर बसवता येतो, वीज थोडी कमी मिळते, पण पाणी वाचतं.

उन्हाचा_पुजारी
पाण्याचं वाचून पुन्हा म्हणतो, सोलर :) पण चुलीपाशी यांनी लिहिलेलं वाचल्यापासून मीही जरा गप्प झालोय.

बॉयलरवाला
कागदपत्रींचं शंभर टक्के खरं. एक भर घालतो. २०२१ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने कोळशाच्या केंद्रांत पाच ते सात टक्के काड्यांच्या गोळ्या म्हणजे पेलेट मिसळायचं धोरण आणलं. माझ्या मते तो रस्ता बरा. मोठ्या केंद्राला युनिटला अडीच हजार किलोकॅलरीच लागतात, म्हणजे तीच काडी दीडपटीहून जास्त वीज देते. गोळ्या करायला थोडी वीज जाते हे खरं. पण नवी चिमणी उभी राहत नाही, आणि तेवढा कोळसा थेट वाचतो.

सतलजकाठी
इकडे पेलेटचे छोटे कारखाने गावोगाव निघाले आहेत. त्यांच्या आवारातल्या आगी मात्र सांभाळा. मे महिन्यात पेंढ्याच्या गंजीने पेट घेतला तो चार दिवस धुमसत होता. जो धूर टाळायला गेलो होतो तो टळलाच नाही, होता तेवढाच झाला.

काळी_माती
पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्डही होतात, सिरकॉट या मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने ते तंत्र विकसित केलं आहे. बोर्डात कर्ब वर्षानुवर्षं अडकून राहतो. विदर्भात त्याचे कारखाने का उभे राहत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

वावरातला
मंडळी, आठ दिवसांनी येतोय. मध्ये कामात होतो.

त्या माणसाला भेटलो. कुट्टी जागेवर करणार का, विचारलं. म्हणाला, मशीन एकच आहे, आधी काड्या नेऊन रोडवरच्या प्लॉटवर ठेवतो, मग मार्चपर्यंत कुट्टी. तो प्लॉट आमच्या शिवारापासून एका किलोमीटरवर. मी म्हटलं, मग जमणार नाही. त्याला बोंडअळीचं सांगितलं, एक किडकं बोंड फोडून आतली गुलाबी अळी हातावर ठेवून दाखवली. तो बराच वेळ पाहत राहिला. त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी फोन आला, मशीन आधी तुमच्या गावात लावतो.

ठरलं ते असं. सहा एकरांपैकी दीड एकराच्या काड्या त्या दोन घरांना, नेहमीसारख्या. त्यांनाही बोंडं झोडपून, झाडून मगच घरी न्यायला सांगितलं, पडलेली बोंडं आम्ही जाळली. अडीच एकराच्या प्रकल्पाला, जागेवर कुट्टी करून, मुळं झटकून. उरलेल्या दोन एकराची कुट्टी त्याच मशीनवर करून घेतली, त्याचे पैसे त्याने काड्यांच्या पैशातून वळते केले. ती कुट्टी शेणकाला मारून विहिरीजवळच्या खड्ड्यात भरली आहे. बाबा स्वतः खड्ड्यावर उभे राहून पाणी मारत होते. सोयाबीनचं कुटार मात्र कुणालाच देणार नाही, यावर घरात एकमत आहे.

कागदपत्री, माहितीच्या अधिकाराचा अर्ज मी आणि गावातल्या तिघांनी मिळून टाकला. पाणी, राख आणि पावसाळ्यातलं इंधन, तिन्ही विचारलं आहे. १ मेच्या ग्रामसभेत कागद वाचून दाखवू.

चुलीपाशी
भाऊ, दीड एकर वाचून डोळ्यांत पाणी आलं. त्या बायांना सांगते.

काळी_माती
खड्ड्यात पऱ्हाटीची कुट्टी नुसती ठेवू नका, मधे मधे शेणाचा आणि हिरव्या पाल्याचा थर द्या, नाहीतर जूनपर्यंत अर्धीच कुजेल. महिन्याने एकदा उलटा. हात घालून बघा, आत गरम लागायला हवं.

वावरातला
आज सकाळी घातला होता. कोपरापर्यंत. चांगलं गरम लागतंय.